पाच तासांची बॅटरी

स्क्रीन काळी झाली तेव्हा बीबीसोराचं बोट सातच्या आकड्यावर होतं. सात दाबला गेला की नाही हे तिला आठवेना, आणि आठवून उपयोगही नव्हता. कॉम्प्युटर बंद पडला की अर्धं भरलेलं पान पुसलं जायचं.

"गेली," स्वयंपाकघरातून तिची सून मुनीरा म्हणाली. "तुमच्या खोलीतली पण गेली का, ओचा?"

"माझ्या खोलीला काय वेगळी तार टाकलीय?"

मुनीरा पिठाचे हात तसेच धरून दारात आली. "म्हणजे लिमिट सुरू झालं. तंदूरवर बायका परवाच बोलत होत्या. उद्यापासून सकाळी आठला जाणार, ती संध्याकाळी पाचला येणार. मार्चपर्यंत."

"मार्चपर्यंत," बीबीसोरा म्हणाली आणि काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

पंजकेंतच्या हिवाळ्यात वीज जाणं नवलाचं नव्हतं. सत्तावन्न वर्षांत तिनं कंदील पाहिले होते, रॉकेलचे स्टोव्ह पाहिले होते. वीज गेली की सांदलीच्या बुटक्या मेजाखाली निखारे सरकवायचे, रजई मांडीवर ओढायची आणि हिरवा चहा पीत बसायचं, असे कितीतरी हिवाळे गेले होते. पण या वर्षी तिला बसून राहायचं नव्हतं.

डोंगरावरच्या जुन्या हवामान ठाण्यांच्या वह्या राजधानीतल्या दफ्तरात पडून होत्या. त्यांच्या पानांचे फोटो काढून ते घरी काम करणाऱ्या पाच-सहा बायकांना दाखवले जात. वहीतला आकडा वाचायचा आणि रकान्यात भरायचा, एवढंच काम. कॉम्प्युटरही दफ्तरानंच दिला होता. पान त्याच्यावरच उघडायचं, तेही दफ्तराच्या वेळात, नऊ ते पाच. म्हणजे वीज असेल तेव्हा पान उघडणार नाही, आणि पान उघडेल तेव्हा वीज नसेल.

तीन वर्षांत बीबीसोरानं चार ठाण्यांच्या वह्या संपवल्या होत्या. पाचवं ठाणं दराइ-सफेदचं. ते तिनं मागून घेतलं होतं. काम वाटून देणाऱ्या फरझोनाला तिनं फोनवर सांगितलं होतं, "ते दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, पोरी." का, ते फरझोनानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात दुपारी मधेच थोडा वेळ वीज यायची, तेवढ्यात उघडलेली तीन पानं अर्ध्यावर गेली. तिसरं गेलं त्या दुपारी फरझोनाचा फोन आला. ती बीबीसोराला खोला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"खोला, तुमच्याकडं विजेचं काही खरं दिसत नाही. ही वही मी खुजंदच्या बाईला देऊ का? फेब्रुवारीअखेर सगळं संपवायचंय. तुम्ही थोडा आराम करा."

"मी आराम मागितला का?"

"तसं नाही हो."

"आठ दिवस दे मला. मी बॅटरीची सोय करते."

शेजारच्या मास्तरांच्या माळ्यावर एक जुना बॅटरीचा डबा होता. त्यांनी तो पुसून आणून दिला आणि स्वतःच जोडून दिला. वीज गेल्यावर डबा चार मिनिटं टिकला. त्यातली दोन मिनिटं तो किंचाळत होता.

"डबा म्हातारा झालाय," मास्तर खजील होऊन म्हणाले.

"आपण सगळेच झालोय," बीबीसोरा म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात झुबैदच्या दुकानी गेली. दुकान म्हणजे लोखंडी कंटेनर होता. पुढं तारा आणि दिवे लटकलेले, मागं बॅटऱ्यांची रांग. झुबैद चाळिशीचा, डोक्यावर लोकरीची टोपी, हातांवर तेलाचे डाग. त्यानं तिला स्टूल दिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिला उत्तर देण्याआधी विचार करावा लागला.

"खोला, बॅटरी कशाला हवी? वीज गेल्यावर काम नीट आवरून बंद करायला, की काम चालूच ठेवायला?"

"फरक काय आहे?"

"पहिलं हवं असेल तर हा घ्या." त्यानं पावाच्या आकाराचा एक डबा पुढं केला. "दहा मिनिटं, फार तर पंधरा. दप्तर आवरायचं आणि घरी जायचं. दुसरं हवं असेल तर ती." त्यानं मागच्या एका जाड, चौकोनी बॅटरीकडं बोट केलं. "ट्रकला असते त्याहून थोरली. आणि तिच्या डोक्यावर हे यंत्र. हे बॅटरीतून घरातल्यासारखी वीज काढतं."

"चालूच ठेवायचंय."

"काय काय चालवणार?"

"कॉम्प्युटर. त्याची स्क्रीन. आणि ती इंटरनेटची डबी."

"हीटर?"

"नाही."

"खरं सांगा हं. सगळे नाही म्हणतात आणि घरी जाऊन हीटर लावतात. मग मला शिव्या घालायला येतात."

"मी शिव्या घालणाऱ्यातली दिसते का?"

झुबैद हसला. "अजून ओळख कुठं झालीय?" त्यानं फळीवरून एक छोटं मीटर काढलं. "हे भिंतीत लावा, ह्याच्यात तुमच्या वस्तूची पिन घाला. किती वॅट खाते ते दाखवेल. आज संध्याकाळी वीज आली की मोजा आणि उद्या आकडे घेऊन या. आकडे बघितल्याशिवाय मी मोठी बॅटरी विकत नाही. एकदा विकली आणि आठ दिवस त्या माणसाचं तोंड चुकवत फिरलो."

आकडे ही बीबीसोराच्या ओळखीची भाषा होती. त्या संध्याकाळी तिनं सगळं मोजलं. कॉम्प्युटर पंच्याण्णव, स्क्रीन तीस, डबी नऊ. मुनीरालाही चेव आला. तिनं इस्त्री मोजली, पाण्याची किटली मोजली आणि किटलीचा आकडा पाहून "अगं बाई" म्हणत ती लांब ठेवली.

दुसऱ्या दिवशी झुबैदनं कागदावर बेरीज मांडली. "एकशे चौतीस. कागदावर ही बॅटरी आठ तास चालते. तळापर्यंत उपसलीत तर लवकर मरेल, म्हणून मी म्हणतो सहा. आणि थंडीत पाच. थंडीत बॅटरी अर्ध्या मनानं काम करते. सकाळी सकाळी तर तिच्याकडं काही मागूच नये. दुपारी, खोली जरा ऊबदार झाली, की ती माणसात येते. सांदलीपासून हातभर अंतरावर ठेवा. अगदी जवळ नको. आणि हे यंत्र थोडं महागातलं घ्या. स्वस्तातलं वीज अशी काढतं की कॉम्प्युटर सारखा कण्हतो."

"फक्त डबी चालू ठेवली तर?"

"डबी काय, चिमणीसारखी टिपते. यंत्राचं स्वतःचं खाणं धरूनही दीड दिवस चालेल."

हा शेवटचा प्रश्न बीबीसोरानं मुनीरासाठी विचारला होता. मुनीराचा नवरा, बीबीसोराचा मुलगा दालेर चौदा महिन्यांपूर्वी रशियात तुमेनला बांधकामावर गेला होता. तो रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, घरी फोन करायचा. लिमिट सुरू झाल्यापासून मोबाइलचा मनोरा तासाभरात मान टाकायचा आणि डबीही बंद असायची. गेल्या आठवड्यात मुनीरा रोज एक वाजता फोन हातात घेऊन अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन यायची आणि परातीत पीठ घ्यायची.

नव्या कोटासाठी ठेवलेले पैसे बीबीसोरानं झुबैदपुढं ठेवले. बॅटरी त्यानं हातगाडीवरून घरी आणली, यंत्र जोडलं आणि वीज नसतानाही स्क्रीन उजळली तेव्हा मुनीरानं टाळी वाजवली.

"ओचा, आता हे ठरवा," ती म्हणाली. "पाच तास तुमचे. पण एकच्या आधी ते संपवायचे नाहीत. माझी डबी जगली पाहिजे."

"नऊ ते एक माझे. नंतर तुझे."

"आणि संध्याकाळी पाचला ही पोटभर जेवणार."

"ही आणि आपण."

असं ठरलं आणि काम पुन्हा सुरू झालं. जी पानं गेली होती ती १९८९च्या एप्रिलची होती. बीबीसोरानं ती पुन्हा उघडली.

त्या वर्षी ती बावीस वर्षांची होती. पंजकेंतच्या खालच्या ठाण्यात वायरलेसवर बसायची. वरच्या पाच ठाण्यांतून दर तीन तासांनी आकडे यायचे, ते ती लिहून पुढं धाडायची. तापमान, वारा, ढग, बर्फाची जाडी. दराइ-सफेदहून बोलायचा तो होलनझर. आवाज जरा घोगरा, सातचा उच्चार लांबवायची सवय. आकडे संपले की नियमानं गप्प बसायचं. होलनझर एक वाक्य जास्तीचं बोलायचा. आज कोल्हीण पिल्लं घेऊन आली होती. आज साखर संपली. आज एवढं स्वच्छ आहे की तुमच्या गावाचा धूर दिसतोय. ती नुसतं "मिळालं" म्हणायची. तिचं "मिळालं" वेगवेगळ्या सुरात यायचं, आणि ते त्याला कळत असावं.

दोनदा तो खाली आला होता. दोन्ही वेळा ठाण्याच्या व्हरांड्यात चारचौघांत चहा झाला. तो फार बोलला नाही. वायरलेसवर बोलायचा त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी आकडे संपल्यावर तो म्हणाला, "बर्फ वितळलं की मी खाली येणार आहे. तुमच्या घरी, तुमच्या वडिलांना भेटायला येऊ का?"

तिनं सगळं स्वच्छ ऐकलं होतं. पण शेजारच्या टेबलावर ठाणेप्रमुख कागद चाळत होते, कान गरम झाले होते आणि तोंडातून सवयीचाच शब्द गेला. "पुन्हा सांगा."

मग तो म्हणाला, "काही नाही. दराइ-सफेद, संपलं."

त्यानं पुन्हा सांगितलं नाही. तिलाही पुन्हा विचारता आलं नाही. पुढच्या वर्षी सत्तोरचं स्थळ आलं. सत्तोर बस चालवायचा, भला माणूस होता, त्याच्याबरोबर तीस वर्षं बरी गेली आणि पाच वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा ती खरोखर रडली. त्यात खोटं काही नव्हतं. पण दराइ-सफेदचं नाव कुठं निघालं की तिचा हात कामात थांबायचा. त्यातही खोटं काही नव्हतं.

आता रोज चार तास त्याचं अक्षर तिच्यापुढं असायचं. सातच्या पोटात आडवी रेघ. शून्य बारीक, जवळजवळ टिंबासारखं. थंडीच्या दिवसांत अक्षर आखडायचं, मेमध्ये पुन्हा ऐसपैस व्हायचं. वहीच्या उजव्या कडेला शेऱ्यांचा रकाना होता. तिथं तो नियमातलंच लिहायचा. वारामापकावर बर्फ. थर्मामीटर बदलला. कोल्हीण, साखर, धूर यांतलं तिथं काही नव्हतं. ते फक्त तिला सांगितलेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं हे तिला पानं भरता भरता कळलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मुनीरानं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात १९९२चा सप्टेंबर लागला. इथून पुढं त्या ठाण्यावरच्या बाकीच्या माणसांची अक्षरं नाहीशी झाली. लढाई सुरू झाली होती, वरची माणसं एकेक करून आपापल्या गावी निघून गेली होती. आठही वेळांचे आकडे आता एकाच हाताचे होते.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं होतं, "पंजकेंतचं उत्तर नाही. पुन्हा पाठवलं."

बीबीसोरानं हात मांडीवर ठेवले.

तिला तो आठवडा ठाऊक होता. खालच्या ठाण्याची वीज तुटली होती आणि कुणीतरी कुलूप फोडून वायरलेसची बॅटरी उचलून नेली होती. ठाणेप्रमुख म्हणाले होते, घरी जा, दारं लावून बसा. दालेर दीड वर्षाचा होता. ती त्याला घेऊन घरी बसली. वरती कुणी बोलत असेल हे तिच्या मनात आलं होतं. रोज आलं होतं. पण बॅटरी नव्हती आणि रस्त्यावर बंदुका होत्या.

"पंजकेंतचं उत्तर नाही. पुन्हा पाठवलं." दर तीन तासांनी तेच होतं. दोन दिवसांनी शेऱ्यात एक आकडा वाढला, बॅटरीच्या व्होल्टचा: बॅटरी ११.९. मग ११.७. मग ११.४. दराइ-सफेदचं इंजिन तेलावाचून बंद पडलेलं असणार. त्याला बॅटरी भरायला काही उरलं नव्हतं. सोळा तारखेपासून तो आठ वेळांऐवजी चारदाच बोलायचा प्रयत्न करू लागला. वीसपासून दोनदा. चोवीसपासून दिवसातून एकदा, सकाळी आठला.

तिनं फरझोनाला फोन लावला. "शेरे भरायचे नाहीत ना?"

"नाही, खोला. फक्त आकडे. शेऱ्यांना रकानाच नाही."

"बरं."

फोन ठेवून ती त्या आठकडं बघत राहिली. महिन्याभरापूर्वी तिला यातलं काही कळलं नसतं. आता बॅटरी तिला कळत होती. गारठलेल्या सकाळी तिच्याकडं काही मागू नये, हे झुबैदनं सांगितलं होतं, आणि डोंगरावर सहा हिवाळे काढलेल्या माणसाला ते झुबैदपेक्षा जास्त ठाऊक असणार. दुपारी दोनला ऊन असतं. एकच हाक मारण्यापुरती शक्ती उरली असेल तर शहाणा माणूस ती दुपारी दोनला मारील. होलनझरनं आठ निवडले होते. दालेर झाल्यापासून बीबीसोरा फक्त सकाळच्या पाळीला यायची. आठला बसायची आणि दोनच्या आत उठायची, आणि हे पाचही ठाण्यांना माहीत होतं.

सकाळी आवाज दूरवर बरा पोचतो म्हणूनही असेल, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. तापमान उणे अकरा. वारा पश्चिमेचा, चार. आकडे भरताना तिची बोटं चुकली नाहीत.

सव्वीस तारखेच्या शेऱ्यात होतं, "बॅटरी ९. पाठवणं बंद. नोंदी चालू." आणि खरोखर चालू होत्या. दिवसातून आठदा, कुणालाही न कळवता, ढग, वारा, बर्फ.

वहीची शेवटची तीन पानं उरली त्या संध्याकाळी पाचला वीज आलीच नाही. बर्फानं कुठंतरी तार तोडली होती. सकाळपर्यंतही आली नाही. बॅटरी आदल्या दिवशीच्या कामानं निम्म्याखाली आली होती.

"आज मी डबीच लावते फक्त," बीबीसोरा म्हणाली.

"तुमची वही?"

"उद्या."

"उद्या दफ्तर बंद. परवा महिना संपला. मग ती वही खुजंदला जाईल, तुम्हीच म्हणालात." मुनीरानं फडक्याला हात पुसले. आज तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. मार्चमधल्या नवरोजच्या सणाला सुट्टी मिळतेय का ते दालेरला आज कळणार होतं. "तुम्ही बसा, ओचा. पण एकला मला डबी पाहिजे. आज तरी पाहिजे."

"मिळेल."

ती नऊला बसली. पहिलं पान अकराला संपलं, दुसरं बाराला. तिसऱ्या पानावरची शेवटची तारीख सात नोव्हेंबर. पहाटे दोनची नोंद होती. पाचची, आठची, अकराची होती. दुपारी दोनची होती. संध्याकाळच्या पाचचे रकाने कोरे, रात्रीच्या आठचे आणि अकराचे कोरे. शेरा काही नव्हता. दोनच्या नोंदीत दृश्यता सगळ्यात मोठी लिहिली होती, आणि ढग शून्य.

पुढच्या वसंतात लोक म्हणाले होते, तो पलीकडच्या खिंडीतून उतरून आपल्या गावी गेला. कुणी म्हणालं रशियात गेला. उतरायला सात नोव्हेंबर चांगला दिवस होता, एवढं या पानावरून दिसत होतं. त्यापुढचं काही दिसत नव्हतं.

नोंद नसलेल्या जागी नुसतं रिकामं ठेवलं तर पान जात नसे. चार नऊ लिहावे लागत. तिनं पाचच्या रकान्यांत लिहिले, मग आठच्या, मग अकराच्या. आता एक बटण दाबलं की पान राजधानीला जाणार आणि तिच्यापुढं पुन्हा उघडणार नव्हतं. वही संपली होती. दुसरी वही नव्हती, हे तिनं फरझोनाला दोनदा विचारून घेतलं होतं.

बॅटरी संपत आल्याचा यंत्रानं एकदा बारीक आवाज दिला. साडेबारा झाले होते. तिचा फोन रात्रीच विझला होता, पानाचा फोटो काढायला मुनीराचा मागावा असं तिच्या मनात आलं. मुनीरा दारातच उभी होती. फोन तिनं दोन्ही हातांत धरला होता.

यंत्रानं दुसऱ्यांदा आवाज दिला.

बीबीसोरानं अक्षरावरून एकदा नजर फिरवली, वरून खाली, घाई न करता. मग बटण दाबलं. पान गेलं. तिनं कॉम्प्युटर बंद केला, स्क्रीन बंद केली, आणि डबीचा हिरवा दिवा तेवढा राहिला.

"घे," ती म्हणाली.

एक वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. मुनीरा पलीकडच्या खोलीत गेली. भिंतीतून शब्द कळत नव्हते. मुनीरा आधी भराभर बोलली, मग गप्प झाली, मग हसली. हसता हसता तिचा आवाज जरा फाटला. पुष्कळ वेळ ती बोलत होती. यंत्राचा आकडा खाली खाली येत होता आणि बीबीसोरा रजईत पाय घालून तो बघत होती. तिनं हाक मारली नाही.

शेवटी मुनीरा आली. डोळे ओले, गाल लाल. "मार्चच्या अठराला निघतोय. तिकीट काढलं म्हणाला. तुमच्याशी बोलायचं होतं त्याला, पण साहेबानं बोलावलं. उद्या बोलतो म्हणाला."

"बोलेल."

"ओचा, अजून थोडी बॅटरी उरलीय. तुमचं काय राहिलं असेल तर करून घ्या. मला आता नको डबी."

"माझं झालं," बीबीसोरा म्हणाली.

ती उठली, यंत्रातून कॉम्प्युटरची पिन काढली आणि वायर कोपरावरून सारखी गुंडाळत नेली. टोक आत खोचून तिनं ती वेटोळी टेबलावर ठेवली, आणि चहाला पाणी ठेवायला बाहेरच्या चुलीकडे गेली.